निघण्याचं भाडं

घरात फोन असणं ही आमच्या गोव्यात एकेकाळी माडांच्या बागायतीखालोखाल सांगायची गोष्ट होती. दुकानाच्या पाटीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, नव्या वकिलाच्या कार्डावर फोन नंबर असायचा आणि त्याच्या शेजारी हळूच दोन अक्षरं असायची, 'पीपी'. पर्टिक्युलर पर्सन. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. ज्यांच्याकडे फोन त्यांच्या घरचं कोणीतरी जेवणावरून उठून कुंपणापाशी यायचं आणि हाक मारायचं, "तुका फोन आयला गे!" की आपण ओल्या हातांनीच धावत सुटायचं. फोन मुंबईचा असला तर अख्ख्या वाड्याला बातमी कळायची, कारण ट्रंक कॉलवर ओरडूनच बोलावं लागे.

१९९१ साली सगळ्या देशात मिळून ५० लाखांच्या आसपास फोन होते. आज एका मध्यम आकाराच्या राज्यात त्याच्या कितीतरी पट मोबाईल असतात. तेव्हा फोनसाठी अर्ज करायचा आणि यादीत नंबर लावून बसायचं. यादीही एक नव्हे. सर्वसाधारण यादी वेगळी, डॉक्टर-पत्रकार वगैरेंची खास यादी वेगळी, आणि जास्त डिपॉझिट भरण्याची ऐपत असलेल्यांसाठी 'ओन युवर टेलिफोन' नावाची तिसरी. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, तिने आपल्या हवामानाला आणि खिशाला मानवणारी छोटी एक्स्चेंजं तयार केली, ती खेडोपाडी पोचली, आणि मग हळूहळू आमच्या बाजूच्या गावांतही काळे, मग लाल, मग करड्या रंगाचे फोन वाजू लागले.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं आहे. फोन मिळवण्याच्या या रामायणावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. फोन सोडण्यावर मात्र कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. त्या काळी फोन सोडणं ही लिहिण्यासारखी गोष्टच नव्हती. एक अर्ज द्यायचा, थकलेलं बिल भरायचं, यंत्र परत करायचं आणि डिपॉझिटची वाट बघायची. सगळी तपश्चर्या आत शिरताना. बाहेर पडताना तुम्हाला कोणी अडवत नसे, उलट यादीतला पुढचा माणूस तुमच्या नावाने नारळ ठेवायचा!

आता सगळं उलटं झालंय. सकाळी फोन केला की दुपारी मुलगा शिडी घेऊन दारात. तार ओढून, भोक पाडून, पांढरी डबी भिंतीला ठोकून चहाही न घेता निघून जातो. आणि सोडायचं म्हटलं की... अभिमन्यूची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे.

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. मावशी फोंड्याजवळ राहायची. एकटी. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीचाही हिशेब वहीत लिहिणारी. तिच्याकडे फोन आला १९९१ साली, नंबर लावून बरीच वर्षं थांबल्यावर. आधी सहा आकडी, पुढे त्यालाच सुरुवातीला दोनचा आकडा चिकटून सात आकडी झाला. हा नंबर आमच्या सगळ्या खानदानाचं टपाल कार्यालय होता. कोणाला मुलगा झाला, कोणाची बस चुकली, कोण आजारी, कोण चवथीला येणार, कोण नाही, हे सगळं आधी मावशीला आणि मग इतरांना कळायचं.

२०२२ साली रस्त्याच्या खोदाईत तांब्याची तार वारंवार तुटू लागली तेव्हा मावशीने तो फोन परत केला. ३१ वर्षांच्या फोनला निरोप द्यायला तिला एक अर्ज पुरला. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २००९ साली असा दंडक घातला होता की सोडण्याचा अर्ज आला की ७ दिवसांत फोन बंद व्हायला हवा आणि डिपॉझिट ६० दिवसांत परत मिळायला हवं. मावशीला हे पाठ होतं. पैसे आले त्या दिवशी तिने कॅलेंडर बघितलं आणि "वेळेत आले" एवढंच म्हणाली. शाळेतल्या मुलांनाही ती याहून जास्त शाबासकी कधी द्यायची नाही.

नंबर मात्र गेला. मोबाईलचा नंबर २०११ पासून देशभर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येतो. घरच्या तारेच्या फोनला ही सोय काही मिळाली नाही. कंपनी बदलली की नंबर बदलला. सोडण्याची ही एक किंमत आहे, जी कुठल्याच बिलात दिसत नाही. मावशीने नवा नंबर पोस्टकार्डांवर लिहून नातेवाइकांना पाठवला. होय, २०२३ साली, पोस्टकार्डं!

नवा फोन एका खाजगी कंपनीचा होता. एकाच काचेच्या तारेतून फोनही आणि इंटरनेटही. जानेवारी २०२३ मध्ये तो आला. विकणाऱ्या मुलाने तिला दोन दर सांगितले होते. कसलीही अट नको असेल तर महिन्याला ६९९ रुपये आणि जोडणीचे २,००० वेगळे. 'लाँग टर्म' घेतला तर महिन्याला ५९९ आणि जोडणी फुकट. मावशीने हिशेब केला आणि स्वस्त तो घेतला. 'लाँग' म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही. मोबाईलवर आलेले सहा आकडे विचारून घेतले, आणि करार झाला. कराराच्या अटी त्या आकड्यांच्या खाली निळ्या अक्षरांतल्या एका दुव्यामागे होत्या. ७४ वर्षांच्या बाईने, चष्मा लावून, बोटाएवढ्या पडद्यावर त्या वाचाव्यात अशी अपेक्षा.

ऑगस्टमध्ये, चवथीला महिनाभर असताना, मावशी पावसात शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि डॉक्टरांनी एकटं राहायला मनाई केली. मी तिला पणजीला माझ्याकडे घेऊन आले. फोंड्याचं घर बंद झालं. आठवड्याभराने ती मला म्हणाली, "त्या फोनचं भाडं कशाला भरत बसायचं? बंद करून टाक."

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र होता, चार वेळा मला 'मॅम' म्हणाला आणि पाचव्या वेळी म्हणाला, "मॅम, आपला लॉक-इन पिरियड आहे." २४ महिन्यांचा. ७ झाले, १७ उरले. उरलेल्या १७ महिन्यांचं भाडं एकरकमी भरलं की बंद. महिना ५९९ प्रमाणे १०,१८३ रुपये, त्यावर १८ टक्के कर, एकूण १२,०१६.

फोन स्पीकरवर होता. मावशी खाटेवरून ऐकत होती.

"लॉक-इन म्हणजे काय गे?"

मी सांगितलं.

"म्हणजे कोंडवाडा," ती म्हणाली. "जनावर सोडवायला दंड भरतात तो."

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. १२,०१६ रुपये म्हणजे तिच्या तेव्हाच्या औषधांचा दोन महिन्यांचा खर्च. आणि पैशांपेक्षाही तिला जे लागलं ते वेगळंच होतं. मला म्हणाली, "फोन बंद ठेवला तरी बारा हजार, चालू ठेवला तरी बारा हजार. मग हा दंड कशाचा? मी पडले त्याचा?"

इथे थोडी कंपनीची बाजू मांडते, कारण बाजू आहे. काचेची तार घरापर्यंत आणायला खर्च येतो, मुलाचा पगार असतो, ती पांढरी डबी फुकट येत नाही. कंपनी हा खर्च सुरुवातीला स्वतः करते आणि दोन वर्षांत थोडा थोडा वसूल करते. ग्राहक सातव्या महिन्यात उठून गेला तर तिची गुंतवणूक अर्धवट राहते. शिवाय दर कमी केला तो ग्राहकाने थांबण्याचा शब्द दिला म्हणून. शब्दाला किंमत असते, हे आपल्या व्यवहारात नवीन नाही. जमीन घेताना आपण इसार देतोच ना? घेणारा फिरला तर इसार बुडतो. यात कोणाला अन्याय वाटत नाही. पण इसार म्हणजे किमतीचा लहानसा भाग. जमीन घेतली नाही तरी जमिनीची पूर्ण किंमत द्या, असं कुठल्या इसारपावतीवर लिहिलेलं तुम्ही बघितलंय का?

मावशीने वही मागवली. तिचा प्रश्न एकच होता, "मी गेल्यामुळे त्यांचं नुकसान किती?" जोडणीचे २,००० रुपये २४ महिन्यांत वसूल व्हायचे होते, म्हणजे महिन्याला ८३ रुपये ३३ पैसे. ७ महिन्यांचे वसूल झाले, १७ महिन्यांचे राहिले, ते १,४१६ रुपये ६७ पैसे. मग दराची सूट. तिने ७ महिने १०० रुपये कमी भरले होते, थांबण्याच्या बोलीवर. थांबली नाही, तर ते ७०० रुपये परत करायला हवेत. हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता, तो तिने स्वतःच्या विरुद्ध स्वतःच काढला. बेरीज २,११६ रुपये ६७ पैसे, वर १८ टक्के कर, एकूण २,४९८. पांढरी डबी परत. "जोडणीचे पूर्ण दोन हजार धर हवं तर," ती म्हणाली, "तरी ३,१८६ च्या वर जात नाही. बारा हजार कुठून आणले?"

कंपनी म्हणेल, आणि वकील म्हणतातही, की खर्चाचं सोडा, आमचा पुढच्या १७ महिन्यांचा नफा बुडाला. ठीक. पण नफा म्हणजे भाडं नव्हे. ग्राहक गेला की कंपनीचा पुढचा खर्चही वाचतो. त्याने न वापरलेलं इंटरनेट, त्याच्या तक्रारींना उत्तर देणारी माणसं, मिळकतीवर सरकारला भरावा लागणारा हिस्सा, हे सगळं वाचतं. शिवाय ती डबी दुसऱ्या घरी लागते. एवढं वजा करून जे उरेल ते नुकसान. हा हिशेब कंपनीजवळच असतो, आणि तो ती दाखवत नाही. शंभर टक्के भाडं मागताना ती असं गृहीत धरते की आपलं काहीच वाचलं नाही.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिथे गेलेल्या गोंयकारांची तिकडे मोठी वस्ती आहे, तुमच्यापैकी कितीजणांचं तरी कोणी ना कोणी तिथे असेलच. तो दर रविवारी मावशीला फोन करतो. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "इथे यावरून केवढा गोंधळ झालाय!" कारण तिकडे घरचा फोन म्हणजे करारच. भाड्याचं घर बदललं, नोकरी दुसऱ्या गावी लागली, की आधी प्रश्न येतो तो फोनच्या करारातून सुटण्याचा. आपल्याकडचे बरेच लोक तिथे गोदामांत आणि कारखान्यांत कामाला, घरं बदलणारे, त्यामुळे हा भुर्दंड त्यांच्या चांगला परिचयाचा.

त्याने सांगितलं म्हणून मी वाचत गेले. तिथला नियामक ऑफकॉम. त्याने २००८ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती अगदी मावशीच्या वहीसारखी आहेत. ग्राहक मुदतीआधी गेला तर कंपनीला उरलेल्या हप्त्यांपेक्षा जास्त मागता येणार नाही, आणि त्यातूनही तो गेल्यामुळे वाचलेला खर्च वजा करायला हवा. नुसतं कागद काढून तो थांबला नाही. २०१० साली बीटी, टॉकटॉक आणि व्हर्जिन मीडिया या तीन मोठ्या कंपन्यांना घरच्या फोनची ही आकारणी खाली आणायला त्याने तयार केलं. २०११ पासून पहिला करार २४ महिन्यांहून लांब करायला बंदी आली. जानेवारी २०१४ पासून असं ठरलं की कराराच्या मध्येच कंपनीने न सांगितलेली दरवाढ केली तर ग्राहक दंड न भरता निघून जाऊ शकतो. मग कंपन्यांनी पळवाट काढली, करारातच लिहायचं की दर महागाईप्रमाणे वाढेल. आता महागाई किती होणार हे फोन घेणाऱ्याने कसं सांगावं? १७ जानेवारी २०२५ पासून तेही बंद झालं. वाढ करायची तर नवा करार करतानाच ती पौंड आणि पेन्समध्ये सांगा.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. मावसभावाने स्वतः एकदा पाच महिने शिल्लक असताना घर बदललं आणि पैसे भरले. पण किती भरायचे ते त्याला आधी कळलं होतं, ते पूर्ण भाड्यापेक्षा कमी होते, आणि का कमी होते हेही कागदावर होतं. "भरताना वाईट वाटलं," तो म्हणाला, "पण फसवलं असं नाही वाटलं." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं.

आणि आपल्याकडे? कायदा नाही असं मुळीच नाही. आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याचं ७४ वं कलम सांगतं की करार मोडल्याबद्दल आधीच रक्कम लिहून ठेवली असली तरी ती आपोआप मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही फक्त तिची वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेह चंद खटल्यात हे स्पष्ट केलं, आणि २०१५ साली कैलाश नाथ खटल्यात पुन्हा सांगितलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली? म्हणजे 'अटीत लिहिलंय मॅम' हे उत्तराचं पहिलं वाक्य असू शकतं, शेवटचं नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. 'अनुचित करार' म्हणजे काय याची व्याख्या त्यात पहिल्यांदा आली. करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीशी मुळीच न जुळणारा दंड ग्राहकावर लादणं, हे त्या व्याख्येत शब्दांत लिहिलेलं आहे. हा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. करारच अनुचित ठरवून घ्यायचा तर जिल्ह्याच्या नव्हे, राज्याच्या आयोगाकडे जावं लागतं. सेवेतल्या कसुरीची साधी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

फोनवाल्यांच्या बाबतीत मात्र हा दरवाजा मधली कितीतरी वर्षं बंद होता, हे फार जणांना ठाऊक नसतं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की फोनच्या बिलाची भांडणं ग्राहक मंचात येणार नाहीत, जुन्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे लवादाकडे जातील. हजारबाराशे रुपयांसाठी लवादाकडे कोण जाणार? फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने खाजगी मोबाईल कंपनीच्या एका खटल्यात हा रस्ता मोकळा केला. ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं, टेलिग्राफ कायदा त्याच्या आड येत नाही. मावशीची तक्रार त्या निकालानंतर दीड वर्षांनी आली, हे तिचं नशीब.

पण आयोगाच्या आधी एक पायरी आहे, आणि ती आपण चढतच नाही. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवायची आणि तिचा नोंदणी क्रमांक मागून घ्यायचा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करायचं. त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत त्याचा निर्णय यायला हवा. मी तक्रार नोंदवली. 'अटीत लिहिलंय' असं उत्तर आलं. मग अपील. अपिलाचा मजकूर मावशीने सांगितला, मी लिहिला. त्यात कायद्याचा उल्लेख एका ओळीत होता, बाकी सगळा वहीतला हिशेब. शेवटचं वाक्य तिचं होतं: "आमच्या हिशेबाप्रमाणे २,४९८ रुपये होतात. आपला हिशेब वेगळा असल्यास कृपया तो पाठवावा."

पस्तिसाव्या दिवशी उत्तर आलं. ग्राहकाचं वय आणि प्रकृती लक्षात घेऊन, एक विशेष बाब म्हणून, सदिच्छेपोटी संपूर्ण रक्कम माफ करण्यात येत आहे.

मी उड्या मारायच्या बाकी होते. मावशीने पत्र दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. तिचा चेहरा पडलेला बघून मी विचारलं, "अगं, जिंकलीस की!"

"कुठे जिंकले?" ती म्हणाली. "त्यांनी हिशेब दिलाच नाही. दया दाखवली. उद्या माझ्यासारखी दुसरी कोणी असेल, पस्तिशीची, धडधाकट, नवऱ्याची बदली झाली म्हणून निघालेली, तिला कोण माफ करणार? तिचे बारा हजार ते घेणारच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मिळते तेव्हा नियम जागच्या जागी राहतो, हे तिला लगेच दिसलं. ज्याला भांडता येतं त्याला सूट, ज्याला येत नाही त्याच्याकडून पूर्ण वसुली. गावच्या सावकाराचीही हीच रीत होती. आणि गंमत बघा, गृहकर्जाच्या बाबतीत हाच प्रश्न होता तेव्हा रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावरचा मुदतीआधी फेडण्याचा दंड एका आदेशाने बंद करून टाकला. सगळ्यांसाठी, एकदम. त्यासाठी कोणाला आपलं मोडलेलं हाड दाखवावं लागलं नाही.

मावशीने २,४९८ रुपयांचा चेक लिहिला आणि मला पोस्टात टाकायला लावला. मी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "माझ्याकडे निघत होते ते मी देणार. त्यांनी माफ केले हा त्यांचा प्रश्न." सोबतच्या चिठ्ठीत पावती मागितली होती. पावती आली नाही. चेकही वटला नाही. तीन महिन्यांनी चेकची मुदत संपली तेव्हा तिने वहीत त्या आकड्यासमोर लिहिलं, 'देऊ केले, घेतले नाहीत', आणि खाली रेघ मारली. माझी खात्री आहे की त्या कंपनीच्या संगणकात असे पैसे जमा करायला खानाच नसेल. दंड आणि माफी, दोनच खाने. मधला हिशेबाचा खाना कोणी पाडलेलाच नाही.

वाचकहो, मुदतीआधी निघाल्यास पैसे पडतील या अटीला माझा विरोध नाही. मावशीचाही नव्हता. पण ती रक्कम फोन घेताना रुपयांत सांगितलेली असावी, महिन्यागणिक कमी होत जावी, आणि विचारलं तर ती कशी काढली ते दाखवता यावं. इतकंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकांना चकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. सभासद होणं सोपं आणि त्यातून सुटणं अवघड करून ठेवणं, ही त्यातली एक आहे. म्हणजे दुखणं ओळखलंय. औषध मात्र अजून ज्याचं त्याने शोधायचं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तेवढा भिंतीवर लिहून ठेवा.

गेल्या वर्षी आमच्या पणजीच्या घरी नवी तार घ्यायची ठरली. विकायला आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, म्हापशाचा, बोलण्यात गोड. वेग किती, चॅनल किती, फोनचे कॉल कसे फुकट, हे सगळं त्याने घडाघडा सांगितलं. मावशी काठी टेकून समोर बसली होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "घेताना किती ते कळलं, पुता. आता सोडताना किती ते सांग."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आजी, हे आजवर कोणी विचारलं नाही."

त्याने पिशवीतून छापील कागद काढला, उलटा केला, खिडकीजवळ उजेडात नेला आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचायला लागला. चौदाव्या अटीशी थांबला. ती त्याने मोठ्याने वाचली, मग मनातल्या मनात पुन्हा वाचली. "बारा महिन्यांचा अडकवायला नको तुम्हाला," स्वतःच म्हणाला. "महिन्याचा घ्या. शंभर रुपये जास्त पडतील."

"चालेल," मावशी म्हणाली, आणि मला वही आणायला सांगितली.